टार्गेट सत्तावीस जुलै

२ एप्रिल २०२३, रविवार. पहाटे ५.१०

ठरलं. कुक्कुटपालन.

चोवीस वर्षं सैन्यात स्टोअर सांभाळलं. अडीच हजार ब्लँकेटं होती, एक हरवलं नाही. तीनशे कोंबड्या म्हणजे काय मोठं?

आपल्याकडे लोक धंदा करतात तो अंदाजपंचे. माझा प्लॅन साधा आहे. गटारीला अख्खा कोरेगाव तालुका कोंबडा शोधत फिरतो. गेल्या वर्षीची डायरी काढली. नोंद स्वच्छ आहे : '२७ जुलै, बुधवार. गटारी. ज्ञानूच्या मळ्यात पार्टी. दीड किलोचा कोंबडा, चारशे रुपये घेतले. लूट आहे.' यंदा ही लूट मी करणार. सुधारित गावरान साडेतीन महिन्यांत दीड किलो होतं. सत्तावीस जुलैपासून उलटं मोजत आलो. पिल्लं १० एप्रिलला शेडमध्ये पाहिजेत.

तीनशे गुणिले चारशे, एक लाख वीस हजार.

डायरी लिहिण्याचे फायदे लोकांना कळत नाहीत.

३ एप्रिल, सोमवार

जावई जयराज काल अंकिताला घेऊन आला होता. सातारा एमआयडीसीत त्याच्या कंपनीत गेटवर सिक्युरिटीची जागा निघाली आहे. म्हणाला, मामा, सतरा हजार, दोन ड्रेस, पीएफ. स्पष्ट नकार दिला. दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहायला मी जन्मलो नाही. उदयसिंह बर्गे यापुढे मालकच राहील.

भांडवलाचा प्रश्न म्हशीवर सुटतो. चंद्रीला ब्याऐंशी हजारांचं गिऱ्हाईक आहे. शिवाय गोठा रिकामा होईल तीच शेड. एका दगडात दोन कामं. सौ. चुलीपुढे बसून होती. म्हणाली, रेडकू हुती तवापासनं वाढवलीय मी तिला, वैरणीचा भारा माज्याच डोक्यावर आला रोज. भावनिक मुद्दा. नोंद घेतली.

शेवटी तयार झाली, पण अट घालून. सत्तावीस जुलैला कोंबड्या विकल्या की पहिल्या पैशातनं म्हैस घ्यायची. नाही विकल्या तर मी मुकाट्यानं गेटवर जायचं. ताबडतोब मान्य केलं. हरण्याचा चान्सच नसला की अट मान्य करायला वेळ लागत नाही.

५ एप्रिल

चंद्री गेली. टेम्पोत चढेना. सौ.नं पाठीवर हात ठेवला तेव्हा चढली. सौ. दिवसभर रिकामा गोठा झाडत होती.

मी कामात होतो.

९ एप्रिल, रविवार

शेड तयार. जाळी, पत्रे, गवंडी, खाद्याची आणि पाण्याची भांडी. अंदाज बावीस हजार, झाले एकतीस. अंदाज चुकलेला नाही, महागाई वाढली.

बोर्ड आला. 'बर्गे पोल्ट्री फार्म. प्रो. प्रा. माजी हवालदार उदयसिंह बर्गे.' खाली कोंबडा. पेंटरनं तुरा जरा मोठा काढला आहे, पण रुबाबदार आहे. अठराशे रुपये. सौ.नं विचारलं, पिल्लं यायच्या आदी बोर्ड कशाला? तिला ब्रँड ही गोष्ट माहीत नाही. ती शेडला अजून खुराडं म्हणते.

१० एप्रिल, सोमवार

सांगलीहून पिल्लं आली. तीनशे, वर सहा फ्री. खाली भाताचं तूस अंथरलेलं, वर बल्ब. ए, बी, सी अशा तीन कंपन्या केल्या. रोज सकाळी सहाला हजेरी.

पहिली हजेरी : २९८. दुसरी : ३११. तिसरी उद्या.

१३ एप्रिल

खाद्य आणायला कोरेगावला गेलो होतो. मागे लाईट गेली, चार तास. पिल्लं गारठून एका कोपऱ्यात चढाचढी करून बसली. सौ.नं घमेल्यांत निखारे भरून ठेवले, पोती लावली आणि एकेक पिल्लू हातानं सोडवत बसली. तरी चौदा गेली. संकटाला टीमनं चांगलं तोंड दिलं. इन्व्हर्टर घ्यायचा म्हणून मी यादीत आधीच लिहिलं होतं. यादी पँटच्या खिशात राहिली.

१७ एप्रिल

लसीकरण. प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. सौ.नं अडीचशे केली. मी उरलेली, आणि सुपरव्हिजन.

१४ मे, रविवार

पिल्लं पाच आठवड्यांची. पिसं फुटली. खाद्याची पोती अपेक्षेपेक्षा लवकर संपतात. कोंबडी खाते म्हणजे वाढते, सबब हा खर्च नसून गुंतवणूक आहे.

सौ.चं वेगळंच चाललंय. म्हणे, यंदा धोंड्याचा म्हैना हाय, जावयाला वाण द्यावं लागंल, चांदीची वाटी, कपडे, तेहतीस अनारसे. म्हटलं, खर्चाच्या गोष्टी माझ्यासमोर काढू नकोस, डोकं धंद्यात आहे. तरी मागे लागली. आवं, खर्चाचं न्हाई म्हणत मी, धोंडा श्रावणात आलाय, तवा तुमची ती तारीख...

इथे मी हात वर करून मीटिंग संपवली. बायकांच्या सणवारात आपण बोलत नाही, त्यांनी धंद्यात बोलू नये.

११ जून

शेजारचा ज्ञानू येऊन गेला. माझ्याच वयाचा, पण आयुष्यात शिस्त नाही. त्याच्या दहा-बारा कोंबड्या उकिरड्यावर मोकाट फिरतात. म्हणाला, हवालदार, ह्यास्नी जरा भाईर सोडा की गड्या, किडं-मुंगी खातील, खाद्याचं पोतं वाचंल. हसून सोडून दिलं. माझे पक्षी उकिरड्यावर? बोर्ड वाचला नसावा.

आजची हजेरी : ३०४. त्यात ज्ञानूच्या किती ते समजलं नाही.

२९ जून, गुरुवार

आषाढी एकादशी. उपवास. गेल्या वर्षी १० जुलैला होती, यंदा एवढी लवकर कशी? पंचांगवाल्यांचा काहीतरी घोळ दिसतो. माझं सगळं इंग्रजी तारखेवर असल्यानं फरक पडत नाही.

वजन : सरासरी एक किलो पन्नास ग्रॅम. शेड्यूलप्रमाणे.

१५ जुलै, शनिवार

सौ. धोंड्याचं आवतण द्यायला अंकिताकडे साताऱ्याला गेली. परवा येईल. निघताना म्हणाली, उद्या गिऱ्हाईक आलं तर देऊन टाका. म्हटलं, तू निर्धास्त जा. कुठलं गिऱ्हाईक ते विचारायचं राहिलं.

१६ जुलै, रविवार. सकाळी ११

चमत्कारिक दिवस. सात वाजल्यापासून गेटवर माणसं. कोंबडा द्या, कोंबडा द्या. चारशे म्हणजे चारशे, घासाघीस नाही. एक जण तर साडेचारशे द्यायला तयार. बेचाळीस माणसं मोजली.

सगळ्यांना परत पाठवलं. पक्षी अजून सव्वा किलोचे आहेत. मी दीड किलोचा शब्द दिला आहे (स्वतःला). २७ तारखेला या म्हटलं. ज्ञानू म्हणाला, हवालदार, उद्या अमावस्या, सोमवार आला म्हणून लोकं आजच उरकत्यात, आज गटारी हाय. त्याला आत नेऊन गेल्या वर्षीची डायरी दाखवली. लेखी पुरावा. त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. मग म्हणाला, बरं रं बाबा, आमी ब्रॉयलर आणतो.

सौ.चे तीन मिस्ड कॉल. हजेरी चालू असताना फोन घेत नाही.

दुपारी ४. गावात मसाल्याचा वास सुटला आहे. अकरा दिवस आधीच ही अवस्था, मग सत्तावीसला काय होईल? डिमांड बघता रेट पाचशे करावा असं चाललंय.

१८ जुलै, मंगळवार

आज लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

१९ जुलै, बुधवार

लिहायला हवं. परवा अमावस्या होती. काल श्रावण लागला. अधिक श्रावण. तो संपला की निज श्रावण. म्हणजे दोन महिने. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोंबड्याला कोणी विचारणार नाही.

सौ.नं कॅलेंडर पुढ्यात ठेवून समजावलं. सण तिथीनं येत्यात, तारीख दरसाली सरकती, आन् तीन सालांनी एक म्हैना जास्तीचा येतो. समजलं. एवढी महत्त्वाची गोष्ट सरकारनं आधी कळवायला पाहिजे होती. सौ. म्हणाली, मी मे म्हैन्यात सांगितलं हुतं. सांगितलं असेल. पण टोन सूचनेचा नव्हता.

मग तिनं बेचाळीस गिऱ्हाइकांचं ऐकलं. ज्ञानूच्या बायकोनं सांगितलं असणार. सौ.नं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. हसता हसता मग खरंच रडली. गोठ्याकडे बघत होती.

शेड म्हणायचं होतं.

२० जुलै

निराश व्हायचं कारण नाही. अधिकात सगळेच पाळतात असं कुठे आहे? उद्यापासून सर्व्हे.

२४ जुलै

सर्व्हे पूर्ण. अधिक पाळणारे : निम्मं गाव. निज पाळणारे : सगळं गाव. दोन्ही न पाळणारे : सहा. त्यातले दोघे उधार मागतात, एकाच्या तोंडात दात नाहीत.

२७ जुलै, गुरुवार

ठरल्या तारखेला सगळे पक्षी दीड किलोचे. नियोजनात कसूर नाही, याची नोंद व्हावी. शेडपुढे सडा मारला, काटा पुसला, सुट्टे पैसे ठेवले.

एक माणूस आला. किन्हईचा रस्ता विचारून गेला.

३ ऑगस्ट

आता रोज अर्धं पोतं खाद्य लागतं. कोंबड्या श्रावण पाळत नाहीत.

हजेरी : २८१. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा वेगळं आलं, त्यातलं बरं वाटलं ते लिहिलं.

६ ऑगस्ट, रविवार

जावयाचं धोंडे-जेवण. पुरणाचे धोंडे, तूप, तेहतीस अनारसे. तीनशे कोंबड्यांच्या घरात जावयाला अनारसे खाऊन जावं लागलं. चांदीची वाटी सौ.नं आपल्या पैंजणांतून करवली होती. मला आधी बोलली नव्हती. मीच म्हणालो होतो, खर्चाच्या गोष्टी काढू नकोस म्हणून.

जयराज हळूच म्हणाला, मामा, जागेवर सध्या दुसऱ्याला तात्पुरता उभा केलाय. साहेब ऑक्टोबरपर्यंत थांबतील. म्हटलं, साहेबांना त्रास देऊ नका. सौ.नं त्याला आणखी एक अनारसा वाढला.

अट सत्तावीस जुलैची होती, पण अधिक महिना धरता मुदतवाढ आपोआप मिळते असं माझं मत. सौ.ला सांगितलं. ती ताट घेऊन आत गेली. मौन म्हणजे संमती.

२१ ऑगस्ट

कराडचा व्यापारी आप्पासो आला. सरसकट किलोला एकशे दहा म्हणाला. त्याला बोर्ड दाखवला आणि रस्ता दाखवला. पडत्या भावात विकायचं नाही. श्रावण संपू दे, हाच पाया पडत येईल.

२ सप्टेंबर

सौ. रोज हिशोब विचारते. माझ्यावर विश्वास नाही का, म्हटलं. म्हणाली, इश्वास हाय, पोती न्हाईत.

१६ सप्टेंबर, शनिवार

श्रावण संपला! आप्पासोला मीच फोन केला (व्यवहारात पहिला फोन करणं हा कमीपणा नाही). म्हणाला, हवालदार, समद्यांचाच माल एकदम भाईर पडलाय. तुमच्या कोंबड्या आता जून झाल्या, शिजायला गॅसची टाकी जाईल. किलोला पंचाण्णव. आणि मंगळवारी गणपती बसतात, मग पितृपक्ष, मग नवरात्र. बघा.

पंचांग माझ्यावर टपून बसलंय असं वाटायला लागलं आहे.

२४ सप्टेंबर, रविवार

खाद्याच्या दुकानदारानं पोतं दिलं नाही. चारचौघांत म्हणाला, आधीचं बघू. स्टोअर चालवलेल्या माणसाला असं कोणी बोललं नव्हतं.

घरी आलो. सौ. मका भरडत होती. जात्याच्या खुंट्याला मीही हात लावला.

१ ऑक्टोबर, रविवार

निर्णय घेतला. परवापासून गेटवर जॉईन होणार. पोल्ट्रीला बाहेरून आर्थिक पाठबळ मिळावं म्हणून. निर्णय पूर्णपणे माझा आहे. सौ.नं काल फक्त बॅग भरून ठेवली होती.

आप्पासोला सगळा माल पंचाण्णवनं उचलायला बोलावलं. टेम्पो दारात आला तर सौ. आडवी उभी राहिली. म्हणाली, एकबी द्यायची न्हाई. आवं, निम्म्या तलंगा हायत, म्हैन्याभरात अंड्यावर येतील. म्हशीच्या जिवावर आलेलं पाखरू आसं मातीमोल देऊ व्हय? आप्पासो टेम्पो घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, वैनींना आधी इचारलं असतं तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर

सौ.ला चार्ज दिला. हँडिंग ओव्हर, टेकिंग ओव्हर. चार पानी यादी : हजेरी सहाला, कंपन्या मिसळायच्या नाहीत, बाहेर सोडायचं नाही, हे तर तांबड्या शाईत. सही मागितली. तिनं सही केली नाही, किल्ली घेतली.

३ ऑक्टोबर, मंगळवार. गेट नंबर दोन

काम जबाबदारीचं आहे. गाड्यांचे नंबर लिहायचे असतात.

ड्रेस कमरेत सैल आहे.

८ ऑक्टोबर, रविवार. सुट्टी

आठवड्यानं घरी गेलो. धक्का. शेड सताड उघडी. बी कंपनी पेरूखाली, सी कंपनी बांधावर, ए कंपनी ज्ञानूच्या उकिरड्यावर, त्याच्या कोंबड्यांसह. ज्ञानू हसत होता. हजेरीचं विचारलं तर सौ. म्हणाली, सांजच्याला आपापल्या येत्यात, मोजायचं कशाला? खाद्य निम्म्यावर आलं आहे. मका आणि घरचं खरकटं.

अंडी सापडली, अकरा. सहा महिन्यांच्या शिस्तीचं फळ. तिला तसं सांगितलं. म्हणाली, व्हय, खावा. ऑम्लेट करून दिलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

रोज सत्तर-ऐंशी अंडी. बारा रुपयाला एक, लोक घरी येऊन नेतात. बोर्ड दिसला नाही. शोधला तेव्हा कळलं, अंडी घालायच्या खोक्यावर झाकण केलंय. माझं नाव आतल्या बाजूला. पावसाचं पाणी लागत नाही हे खरं.

खाद्याच्या दुकानाची शेवटची चिठ्ठी सौ.नं फाडून चुलीत टाकली. माझा पगार तिच्याकडे दिला होता. त्यातला निम्मा तिनं हातही न लावता परत दिला. म्हणाली, तुमाला पायात बूट घ्या, उभं राहायचं काम हाय.

३१ डिसेंबर, रविवार. थर्टीफर्स्टमुळे सुट्टी रद्द. गेट नंबर दोन. दुपारी ३

कंपनीच्या कॅन्टीनवाल्यानं रात्रीच्या थर्टीफर्स्टच्या जेवणाला पंचवीस कोंबडे मागवले होते. टेम्पो आला. थांबवला. गाडी ज्ञानू चालवत होता. शेजारी सौ., नवं लुगडं, मांडीवर अंड्यांचा ट्रे. ज्ञानूनं खिडकीतून सलाम ठोकला, हवालदार, आत सोडताय न्हवं? माझ्या शेजारचे दोन गार्ड हसले.

नियम सगळ्यांना सारखे. रजिस्टर उघडलं. गाडी नंबर लिहिला. माल : कोंबडे, जिवंत. मागे चढून मोजले. पंचवीस. पहिल्याच मोजणीत बरोबर आले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

पुढचा रकाना, मालकाचं नाव.

पेन तिथे थोडं थांबलं. ती माझ्याकडे बघत होती. लिहिलं : सौ. लीलाबाई उदयसिंह बर्गे. खाली तपासणाऱ्याची सही असते. ती मी केली.

तासाभरात माल देऊन टेम्पो परत आला. साडेचारशेनं दिले. टेम्पो थांबवून तिनं खिडकीतून दोन उकडलेली अंडी दिली, मिठाची पुडी वेगळी. म्हणाली, जेवला न्हाईसा वाटतं. आणि म्हणाली, हितनं कोरेगावला चाललेय, म्हशीचा इसार द्यायला. चंद्री न्हाई गावायची आता, पण तशीच हाय, कपाळाला पांढरं हाय. धार काढायला रविवारी या.

टेम्पो वळून हायवेला लागेपर्यंत बघत होतो. अंडी तशीच खाल्ली, मीठ लावायचं राहिलं. मागे गाड्यांची लाईन लागली होती, हॉर्न वाजायला लागले तेव्हा फाटक उघडलं.

संध्याकाळी ६. कंपनीनं सगळ्यांना नव्या वर्षाची डायरी दिली. कागद चांगला आहे. या वर्षी बराच अनुभव गाठीशी आला. मुख्य चूक कुठे झाली तेही सापडलं : तारीख जुनी वापरली. पुन्हा तसं होणार नाही. नव्या डायरीच्या पहिल्याच पानावर तांबड्या शाईत लिहून टाकलं, म्हणजे आयत्या वेळी गोंधळ नको.

गटारी : १६ जुलै. यंदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली तारीख आहे. पिल्लं ३० मार्चला शेडमध्ये पाहिजेत. लीलाला अजून सांगितलेलं नाही.